‘मेतेगोल’ : प्रेक्षकांचे अभिप्राय आणि कांबीला जखडलेला खेळाडू

एखादी कलाकृती लोकांना आवडली की नाही हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत येतो काय, याविषयी आपल्याकडे एक प्रकारचा संकोच आढळतो. लोकप्रियतेची नोंद व्यवहारात ठेवावी, मूल्यमापनात नव्हे, असा हा संकोच आहे. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु रससिद्धान्ताची परंपरा सांगणाऱ्यांनी तरी प्रेक्षकाला दाराबाहेर उभे करणे विसंगत ठरते. कारण रसाचे अधिष्ठान सहृदयाच्या ठिकाणी मानल्यावर त्या सहृदयाने आपल्या अनुभवाविषयी काय सांगितले हे ऐकून न घेणे म्हणजे साक्षीदाराला न बोलावता निकाल देण्यासारखे होय. प्रेक्षकाचा निकाल चुकीचा असू शकेल. मात्र ‘येथे आमचे मन उडाले’ ही त्याची तक्रार सहसा चुकीची नसते. ती कोणत्या कारणामुळे उत्पन्न झाली हे त्याला नेमके सांगता येत नाही, इतकेच. ते सांगणे हे समीक्षकाचे काम आहे.

या दृष्टीने ‘मेतेगोल’ या अर्जेंटिनी चेतनपटाविषयीचे अभिप्राय तपासण्याजोगे आहेत. हा चित्रपट अर्जेंटिनात १८ जुलै २०१३ रोजी, शाळांच्या हिवाळी सुट्टीत, प्रदर्शित झाला. दिग्दर्शक हुआन होसे कांपानेला. त्याच्या ‘एल सेक्रेतो दे सुस ओहोस’ या चित्रपटाला २०१० साली परभाषी चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळालेले होते, आणि अशा गंभीर कलावंताने एकाएकी मुलांसाठी बाहुल्यांचा चित्रपट काढावा याचे अनेकांना नवल वाटले. ‘मेतेगोल’ म्हणजे टेबलावरचा फुटबॉल : लाकडी पेटीत आडव्या लोखंडी कांबी, कांबींना घट्ट बसविलेले छोटे धातूचे खेळाडू, आणि बाहेरून मुठी फिरवून चेंडू पलीकडच्या जाळ्यात घालणारे दोन प्रतिस्पर्धी. शब्दाचा अर्थच ‘गोल घालणे’ असा आहे. स्पेनमध्ये याच खेळाला ‘फुतबोलिन’ म्हणतात आणि तेथे चित्रपटही त्याच नावाने गेला. २०१३ च्या सान सेबास्तियान महोत्सवाचे उद्घाटन त्याने झाले आणि पुढील वर्षी स्पेनचे गोया पारितोषिक सर्वोत्कृष्ट चेतनपट म्हणून त्याला मिळाले. स्वदेशात प्रेक्षकांनी त्याला भरघोस आश्रय दिला. इंग्लंडात त्याचे स्वागत थंडपणे झाले, आणि अमेरिकेत तर प्रदर्शनाची तारीख वारंवार पुढे ढकलली जाऊन अखेर चित्रपटगृहांतील मोठे प्रदर्शन त्याच्या वाट्याला आलेच नाही.

एकाच कृतीविषयी इतकी भिन्न प्रतिक्रिया का व्हावी? ‘ज्याची त्याची आवड’ हे उत्तर सोयीचे आहे. परंतु त्याने काहीच उलगडत नाही.

कथानक थोडक्यात असे. एक बाप आपल्या मुलाला झोपण्याच्या वेळी गोष्ट सांगतो. एका लहान गावातील पानगृहात काम करणारा आमादेओ नावाचा लाजाळू मुलगा मेतेगोलच्या खेळात अजिंक्य असतो. गावातल्या दांडगट ग्रोस्सोला तो एकदा हरवितो. हा एकच पराभव मनात धरून ग्रोस्सो मोठा होतो, मैदानावरचा जगप्रसिद्ध खेळाडू बनतो आणि परत येऊन अख्खे गाव विकत घेतो. गाव पाडून त्या जागी त्याला आपल्या वैभवाचे क्रीडागार उभारावयाचे असते. पानगृह जाते, मेतेगोलचे टेबल मोडते. हताश आमादेओच्या डोळ्यांतील अश्रू एका धातूच्या खेळाडूवर पडतो आणि तो जिवंत होतो. त्यानंतर कापी, बेतो, लोको, लिसो अशा विखुरलेल्या खेळाडूंचा शोध, लाउरा या नायिकेची सुटका, आणि शेवटी गावकऱ्यांचा विस्कळीत संघ विरुद्ध ग्रोस्सोचा व्यावसायिक संघ असा खऱ्या मैदानावरचा सामना. तो सामना गावकरी हरतात. पण प्रेक्षागारातील लोक हरलेल्यांचाच जयजयकार करतात.

या चित्रपटाविषयी बहुसंख्य प्रेक्षकांच्या तोंडी प्रथम जे वाक्य आले ते तुलनेचे होते : हे तर ‘टॉय स्टोरी’सारखे आहे. अर्जेंटिनात हे वाक्य अभिमानाने उच्चारले गेले. आपल्याकडेही हॉलिवूडच्या तोडीचे काम होऊ शकते, असा त्याचा अर्थ होता. आणि ज्या देशात किरिनो क्रिस्तियानीने १९१७ साली ‘एल आपोस्तोल’ हा जगातील पहिला पूर्ण लांबीचा चेतनपट काढला, त्या देशाला असा अभिमान वाटावा यात वावगे काही नाही. इंग्रजी भाषिक प्रेक्षकांच्या तोंडी तेच वाक्य आले तेव्हा मात्र त्याचा अर्थ ‘अनुकरण, आणि तेही दुय्यम’ असा झाला. एकच तुलना एका ठिकाणी स्तुती आणि दुसऱ्या ठिकाणी निंदा ठरावी, यावरूनच ती तुलना कृतीविषयी फारसे सांगत नाही हे उघड होते. वास्तविक दोन्ही चित्रपटांचा मूळ संकेतच वेगळा आहे. १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’त खेळणी माणसांसमोर निश्चल होतात, त्यांचे जीवन हे गुपित आहे आणि त्यांचे दुःख मालकाने टाकून देण्याचे आहे. ‘मेतेगोल’मधील खेळाडू आमादेओशी उघडपणे बोलतात, भांडतात, त्याला उपदेशही करतात. त्यांचे दुःख संघ फुटल्याचे आहे. हे टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून जन्मभर एकमेकांविरुद्ध खेळलेले लोक टेबल मोडल्यावर एकत्र येतात, ही कल्पना अमेरिकन चित्रपटात नाही.

तथापि तुलना चुकीची असली तरी तिच्या मागची अस्वस्थता खरी आहे. प्रेक्षकांना काहीतरी ओळखीचे, आधी पाहिलेले वाटले, ते का, याचे उत्तर चित्रपटाच्या मूळ आधारात सापडते. हा चित्रपट रोसारिओ शहरातील व्यंगचित्रकार आणि कथाकार रोबेर्तो फोंतानारोसा (१९४४-२००७) याच्या एका छोट्या कथेवरून सुचलेला आहे. तिचे शीर्षक ‘मेमोरिआस दे उन विंग देरेचो’, म्हणजे उजव्या बगलेवरच्या एका खेळाडूच्या आठवणी. कथेत एक जुना खेळाडू आपल्या कारकीर्दीविषयी बोलत राहतो. त्याची भाषा फुशारकीची, पानगृहातल्या गप्पांसारखी आहे. वाचकाच्या हळूहळू ध्यानात येते की हा माणूस नव्हे. हा मेतेगोलच्या कांबीवरचा खेळाडू आहे. उजवी बगल सोडून तो कधी कोठे गेला नाही, कारण त्याला जाताच येत नाही. त्याच्या निष्ठेचे, त्याच्या सातत्याचे, त्याच्या एकारलेल्या दृष्टीचे सारे रहस्य त्या कांबीत आहे. विनोद आणि कारुण्य दोन्ही एकाच ठिकाणाहून उगवतात : जे त्याला बंधन आहे तेच तो आपला स्वभाव म्हणून सांगतो.

चित्रपटाने नेमकी ही कांब काढून टाकली. खेळाडू टेबलावरून उतरले आणि पळू लागले. पळू लागताच ते इतर शेकडो चेतनपटांतील चिमुकल्या, चपळ, बडबड्या पात्रांसारखे दिसू लागले. प्रेक्षकाला ‘टॉय स्टोरी’ आठवली ती येथे. त्याने नाव चुकीचे घेतले. जागा अचूक दाखविली.

टेबल-फुटबॉल या खेळाचे मर्मच मुळी अचलतेत आहे. या खेळाच्या जन्माविषयी दोन दावे प्रसिद्ध आहेत. इंग्लंडात हॅरोल्ड थॉर्नटन याच्या नावावर १९२० नंतरच्या दशकाच्या आरंभीचे एकस्व आहे. स्पेनमध्ये मात्र हा मान आलेहान्द्रो फिनिस्तेर्रे या गालिसियन कवीला दिला जातो. यादवी युद्धात माद्रिदवरील बाँबहल्ल्यात तो जखमी झाला. उपचार घेत असता, पाय गमावलेली व जायबंदी मुले आता फुटबॉल खेळू शकणार नाहीत हे पाहून त्याला ही कल्पना सुचली आणि १९३७ मध्ये बार्सेलोनात त्याने तिची नोंद केली, असे तो सांगत असे. देशत्याग करून पिरेनीज ओलांडताना ती कागदपत्रे नष्ट झाली. संशोधकाला थॉर्नटनचा कागद अधिक भक्कम वाटेल. रसिकाला फिनिस्तेर्रेची हकीकत सोडवत नाही. कारण ज्याला धावता येत नाही त्याच्यासाठी, ज्याला धावता येत नाही अशा बाहुल्यांकडून खेळविलेला खेळ, हे या वस्तूचे अगदी सार्थ वर्णन आहे.

मराठी वाचकाला येथे न. चिं. केळकरांच्या ‘सविकल्प समाधी’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९२१ च्या बडोदे संमेलनात त्यांनी मांडलेला विचार असा की, वाङ्मयाचा आस्वाद घेताना वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो, परंतु स्वतःची भूमिका पुरती सोडत नाही. या दुहेरी अवस्थेतच आनंद असतो. या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले आणि त्यांतील काही बिनतोड आहेत. परंतु मेतेगोल खेळणाऱ्या मुलाच्या अवस्थेचे वर्णन करावयाचे तर याहून चांगली संज्ञा मिळणे कठीण. त्याची मूठ टेबलाबाहेर आहे; त्याचे पाय मात्र कांबीवर आहेत. गोल होतो तेव्हा ‘मी मारला’ असे तो म्हणतो, ‘बाहुलीने मारला’ असे म्हणत नाही, आणि तरी आपण बाहुली नाही हे तो क्षणभरही विसरत नाही.

चित्रपटाच्या आरंभी आमादेओ आणि ग्रोस्सो यांचा टेबलावरील सामना आहे, त्यात ही अवस्था दिग्दर्शकाने पूर्णपणे पकडली आहे. कॅमेरा टेबलाच्या पातळीवर उतरतो. चेंडू प्रचंड दिसू लागतो. खेळाडूंचे निर्जीव, रंग उडालेले चेहरे गंभीर भासू लागतात. ते अजून जिवंत झालेले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत काहीही हालत नाही. तरी ते खेळत आहेत असा विलक्षण प्रत्यय येतो, आणि हा प्रत्यय देणारी शक्ती त्यांच्यात नसून प्रेक्षकात आहे. उरलेल्या चित्रपटाविषयी नापसंती दर्शविणारे प्रेक्षकही या प्रसंगाचा उल्लेख आदराने करतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे अश्रू पडतो, बाहुली बोलू लागते, आणि जे काम प्रेक्षक करीत होता ते चित्रपट स्वतःच करू लागतो. प्रेक्षकाच्या मुठीतून कांब काढून घेतली जाते.

त्या अश्रूविषयीही तक्रार झाली. बाहुल्या नेमक्या त्याच क्षणी का जिवंत होतात, आणि एकावर पडलेल्या अश्रूने बाकीचे कसे जागे होतात, हा प्रौढांचा प्रश्न. मुलांकडून तो सहसा येत नाही. अभिनवगुप्ताने रसास्वादाचे जे विघ्न ‘संभावनाविरह’ म्हणून सांगितले आहे ते हेच : घटना संभवनीयच वाटली नाही तर चित्त तेथे विसावणार कसे? त्याने त्यावर सुचविलेला उपायही मार्मिक आहे. लोकोत्तर घटना दाखवावयाची तर नायक रामादिकांसारखा प्रख्यात असावा, म्हणजे चिरकाल रुजलेली श्रद्धा शंकेला वाव देत नाही. मुलांच्या जगात बोलणारे खेळणे ‘प्रख्यात’ असते. त्यांची श्रद्धा आधीच रुजलेली असते. म्हणून एकाच प्रसंगी मूल पुढे सरकते आणि शेजारचा बाप कारण शोधीत मागे राहतो. त्यातही गंमत अशी की, बापासाठी दिग्दर्शकाने स्वतंत्र सोय केलेली आहे. चित्रपटाचा प्रारंभच कुब्रिकच्या १९६८ मधील अंतराळपटाच्या विडंबनाने होतो. आदिम वानरांच्या टोळीत चेंडूचा खेळ कसा जन्मला, हे तेथे दाखविले आहे. हा विनोद बापाला कळतो, आणि तेव्हा मूल मागे राहते. ‘हा चित्रपट नक्की कोणासाठी आहे?’ असा प्रश्न अनेकांनी विचारला, तो येथून उद्भवतो. कुटुंबासाठी काढलेल्या चित्रपटात कुटुंबातील माणसांनी आळीपाळीने हसावे ही रचना वरवर उदार वाटते, पण सर्वांनी एकत्र हसावे याहून ती निश्चितच कमी प्रतीची आहे.

भाषेच्या बाबतीत फार वेळ घालविण्याचे कारण नाही. बेतो स्वतःविषयी तृतीय पुरुषात बोलणारा अहंमन्य गडी, लोको गूढ तत्त्वज्ञानाची बडबड करणारा; ही माणसे रिओ दे ला प्लाताच्या परिसरातील बोलीत मुरलेली आहेत. ग्रोस्सो हे नावही तेथील बोलीत ‘बडी असामी’ असा ध्वनी देते. स्पेनसाठी आवाज बदलले, इंग्रजीसाठी सर्वच बदलले. पात्रांची तोंडे हलतात पण ती कोठली आहेत हे कळेनासे होते, आणि मग उरते ते कथानकाचे हाड. परदेशी प्रेक्षकांनी ‘कथा ठोकळेबाज आहे’ असा अभिप्राय दिला त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्यापर्यंत ठोकळाच पोहोचला होता.

आता सर्वांत वारंवार आढळणाऱ्या आणि सर्वांत महत्त्वाच्या तक्रारीकडे वळावयाचे. शेवटच्या सामन्यात बाहुल्या बाजूला पडतात. मैदानावर माणसे खेळतात. ज्यांच्यासाठी चित्रपट पाहावयास आलो ते कडेला उभे राहून ओरडत राहतात. चित्रपट सुमारे पावणेदोन तासांचा आहे, तेव्हा ही निराशा पोहोचेपर्यंत लहान प्रेक्षक दमलेलाही असतो. शास्त्राच्या भाषेत हा ‘अप्रधानता’ नावाचा विघ्न होय : ज्यावर चित्त स्थिर व्हावयाचे तेच गौण होऊन बसते.

परंतु येथे तक्रार मान्य करूनही तिचे निदान बदलावे लागते. आमादेओ टेबलावर अजिंक्य आहे, मैदानावर मात्र त्याला धड धावताही येत नाही. जन्मभर ज्याने बाहेर राहून कांबी फिरविल्या त्याला शेवटी स्वतः आत उतरावे लागते. आता त्याच्यामागे कोणाची मूठ नाही. म्हणजे बाहुल्या सुटल्या आणि माणूस जखडला गेला, अशी ही अदलाबदल आहे; आणि ती घडावयाची तर बाहुल्यांनी मैदानाबाहेर जाणे अवश्यच होते. कल्पना म्हणून हा शेवट संपूर्ण चित्रपटातील सर्वांत खोल आहे. फोंतानारोसाच्या कथेतील कांब येथे वेगळ्या रूपाने परत येते. दुर्दैवाने मधल्या भागात बाहुल्या इतक्या मुक्तपणे, इतक्या बेबंदपणे, कचऱ्याच्या ढिगाऱ्यांतून आणि करमणुकीच्या यंत्रांतून पळालेल्या असतात की सुटकेची त्यांना काही किंमत पडली असे वाटतच नाही. ज्याने कांबीचा भार दाखविला नाही त्याला कांब दुसऱ्याच्या खांद्यावर देता येत नाही. सामन्यात दोष नाही. दोष सामन्यापूर्वीच्या तासाभरात आहे. सामन्यात कंटाळलेला प्रेक्षक त्या तासाची किंमत मोजत असतो.

राहिला पराभव. नायकाचा संघ हरतो ही गोष्ट अनेक परदेशी पालकांना मुलांच्या चित्रपटात विचित्र वाटली, तर काहींना हीच एक नवी गोष्ट वाटली. अर्जेंटिनी प्रौढ प्रेक्षकाला मात्र यात नवे वाटण्याचे कारण नव्हते. कांपानेलाच्या २००४ च्या ‘लुना दे आवेयानेदा’ या चित्रपटात वस्तीतला एक जुना क्लब मोडकळीस आलेला असतो, त्या जागी द्यूतगृह काढण्याचा प्रस्ताव येतो, सभासद मतदान करतात आणि क्लब वाचविणाऱ्यांची बाजू हरते. शेवटी नायक विचारतो ते एवढेच की, नवा क्लब काढावयाचा तर काय काय लागते. २००१ च्या आर्थिक कोसळीनंतर तीनच वर्षांनी हा चित्रपट आला होता, आणि गिरण्या, क्लब, पानगृहे बंद होताना पाहिलेल्या पिढीला तो समजावून सांगावा लागला नाही. ‘मेतेगोल’ ही तीच गोष्ट आहे. फक्त ती आता त्या पिढीच्या मुलांना झोपण्याच्या वेळी सांगितली जात आहे. पटकथेत एदुआर्दो साचेरीचा हात आहे, आणि हरणाऱ्या संघांवरचे प्रेम हा त्या कथाकाराच्या फुटबॉलकथांचा स्थायी सूर आहे हे जाणणाऱ्यांना तर तो पराभव घरचाच वाटला असेल.

हे मान्य केले तरी अर्जेंटिनातील यशाचा अर्थ सावधपणेच लावावयास हवा. सुमारे वीस लाख प्रेक्षकांनी तो चित्रपट पाहिला. त्यांतले किती फोंतानारोसाच्या प्रेमाने आले, किती सुट्टीत मुलांना कोठे न्यावे या विवंचनेने, आणि किती देशाभिमानाने, हे वेगळे काढता येत नाही. एवढे मात्र दिसते की स्वदेशी प्रेक्षकाने चित्रपटातील उणिवा स्वतःच्या आठवणींनी भरून काढल्या. पानगृहाच्या कोपऱ्यातले ते टेबल, आत टाकावयाचे नाणे, घासून चेहरे पुसट झालेले खेळाडू, हे सर्व तो घेऊनच आला होता. कांबीचा भार त्याच्या मनगटाला ठाऊक होता. तो पडद्यावर दाखविला गेला नाही याची जाणीव त्याला झाली नाही. अभिनवगुप्ताच्या मते स्वतःच्या सुखदुःखात गुरफटणे हाही विघ्नच. पण येथे त्या विघ्नानेच कृतीला हात दिलेला दिसतो, आणि साधारणीकरणाचा सिद्धान्त शिकविणाऱ्यांना या उदाहरणाचा विचार पुन्हा करावा लागेल. लंडनमधील मुलाजवळ ते टेबल नव्हते. त्याला जे पडद्यावर होते तेवढेच मिळाले, आणि त्याने दिलेला अभिप्राय कृतीपुरता पाहिला तर अधिक नेमका आहे.

फोंतानारोसाच्या निधनाला सहा वर्षे होण्याच्या आदल्या दिवशी हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच्या कथेतला उजवा बगलेवाला चित्रपटात नाही. त्याच्याऐवजी तीन-चार जण आले, आणि त्यांच्यापैकी कोणालाही एका जागी उभे राहून बोलू दिले गेले नाही.